बिनखुणेची घागर

सलोमीअक्काचा मी जेवढा हेवा केला, तेवढा सवतीनं सवतीचा केला नसेल. आता ती नाही, मीही सत्तरीच्या पुढं गेलोय, तरी तिचं नाव निघालं की पोटात अजून जरासं जळतं. आधीच कबूल करून टाकतो. मी सांगितलेल्या गोष्टींतल्या निम्म्या लोक सोडून देतात, पण ही धरून ठेवा.

अहमदपूरला चर्चच्या कंपाउंडात आमची पन्नासेक घरं. तिचं आणि माझं घर एकाच कुडाच्या भिंतीनं जोडलेलं, म्हणजे तिच्याकडं कांदा चिरला की डोळे आमचे भरायचे. ती मुलांच्या वसतिगृहात भाकरी थापायची. मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. मी शिकलेला, पांढऱ्या पँटीतला, पेटी वाजवणारा. ती अंगठेबहाद्दर, काळीसावळी, हाडांची मोळी. आणि कंपाउंडात मान कुणाला? तिला.

आमच्यात रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्याला कुठून कुठं आणलं, ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. सलोमीअक्काची साक्ष मी वीस वर्षं ऐकली. ती उठायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, "त्यो मला ओळखतोय. लई झालं." आणि खाली बसायची. मोजून पाच शब्द! एवढ्यावर बाया डोळे पुसायच्या, पाळकसाहेब चष्मा काढायचे आणि मागं बसलेला आडदांड लोहार पोरीसारखा हुंदके द्यायचा.

आणि माझी साक्ष? ती ऐकायला चाकूरहून माणसं यायची. मी तरुणपणी दरोडेखोर होतो. तीन बैलजोड्या चोरल्या. कंधारच्या किल्ल्यात सात महिने लपून राहिलो, वटवाघळं भाजून खाल्ली. उदगीरच्या बाजारात सुरा काढला. दारू इतकी प्यायचो की मी नुसता शेजारून गेलो तरी भट्टीवाला उधारी बंद करायचा. मग एके दिवशी प्रभूनं हाक मारली आणि सुरा हातातून गळून पडला. हा सुरा मी दर वर्षी दोन बोटं लांब करत होतो.

खरं सांगायचं तर शिंदी मी एकदाच चाखली होती, तीही आईनं खोकल्यावर चमच्यानं पाजलेली. किल्ल्यात गेलो होतो तो शाळेच्या सहलीला. पण साधा पापी कोण ऐकतो? माणसानं बदलायचं तर आधी जरा दांडगं असायला नको?

अक्काच्या तऱ्हा म्हणजे एकेक नमुना. दार कधी लावायची नाही. देवाशी बोलायची ते शेजारणीशी बोलल्यासारखं, आणि डोळे उघडे ठेवून. भाकरी थापता थापता सुरू व्हायची, "बग बाबा, मी त्या लोहारनीवर जळून राहिले. दिसायलंच तुला. आता तूच काय ते कर." पाळकसाहेबांची प्रार्थना लांब असायची. ते म्हणायचे, "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की या तालुक्यात दोन वर्षं पाऊस नाही, तुला ठाऊकच आहे की ज्वारी जळून गेली..." अक्का बाजूच्या बाईला कोपरानं ढोसून म्हणायची, "ठाऊक हाय म्हनतो आन सांगतोय बी!" सगळी बायांची बाजू पदरात तोंड घालून हलायची. तेच मी म्हटलं असतं तर मंडळीतून काढलं असतं.

तिचा नवरा मोशेदाजी. अर्धं अंग लुळं पडून खाटेवर होता. तिन्हीसांजेला अक्का त्याचं सगळं अंग ओल्या फडक्यानं पुसायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "कड बदला. आता त्यो हात." एकदा मी तिला खवचटपणे विचारलं, "अक्का, देव सगळं बघतोय म्हणतीस. मनातलंसुद्धा. भ्या नाही वाटत गं? माझ्या तर अंगावर काटा येतोय."

ती म्हणाली, "भ्या कशाचं? दाजींचं अंग मी रोज पुसते. कुठं काय सडलंय, कुठं काय झडलंय, समदं मला ठाऊक. त्यास्नी लाज वाटती व्हय? उलट मला यायला उशीर झाला की लेकरावानी रडत्यात. ज्याला आपलं समदं ठाऊक हाय, त्याच्याच हाताची वाट बगावी मानसानं."

मी घरात जाऊन पेटी जोरजोरात वाजवत बसलो. त्या उत्तराबद्दल मी तिला मनातल्या मनात माफ केलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यातला थर्मामीटर रोग्याच्या तोंडात जायच्या आधीच एकशे आठावर असायचा. आम्ही तो आधी माठाखाली ठेवायचो आणि मग ताप बघायचो. कावळे उडणं सोडून माणसांच्या सावलीतून चालत जायचे. एक कावळा माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आलेला मला चांगला आठवतो. बाया-पुरुष सगळे सरकारी कामावर खडी फोडायला. माझी बायको सुशीलासुद्धा.

कंपाउंडात विहीर एकच. दिवसभर ती झिरपायची आणि चार वाजता पाळकसाहेब कुलूप काढून घरटी एक घागर पाणी द्यायचे. त्यामुळं बाया पहाटे कामावर जाताना घागरी रांगेत लावून जायच्या. चार वाजेपर्यंत त्या घागरीच उन्हात उभ्या राहायच्या आणि बायांचा नंबर धरायच्या. शेवटच्या आठ-दहा घागरींना कधी पाणी मिळायचं, कधी गाळ.

आता घागरी ओळखायच्या कशा? कुणीतरी चुन्यानं आपल्या घागरीवर क्रूस काढला. दुसरीला वाटलं, आपली घागर काय हिंदूची आहे? तिनंही काढला. आठ दिवसांत पन्नास घागरींवर पन्नास क्रूस! त्या उन्हाळ्यात आमच्या कंपाउंडात क्रुसापायी जेवढ्या झिंज्या उपटल्या गेल्या, तेवढ्या सैतानापायी कधी नाही. फक्त सलोमीअक्काच्या घागरीवर काही नव्हतं. "ज्याची त्याला कळती," म्हणायची. आणि गंमत बघा, पन्नास घागरींत लांबून ओळखू यायची ती तिचीच.

त्याच दिवसांत एका रविवारी मी साक्षीला उभा राहिलो आणि कधी नव्हे एवढा रंगलो. बैलाचा रंग सांगितला. तांबडा, कपाळावर चांदणी, डावं शिंग वाकडं. लोकांनी श्वास रोखला. मागोमाग अक्का उठली. "त्यो मला ओळखतोय. लई झालं." आणि जे रडायचे ते तिच्या साक्षीलाच रडले. मी चरफडत बाहेर आलो तर दारात एक शेतकरी उभा. धोतर, पागोटं, डोळे खोल गेलेले. कंधारकडून पाहुण्यांकडं आला होता. हात जोडून म्हणाला, "मालक, त्यो चांदणीचा तांबडा बैल माझाच. पाच वर्सं झाली. मी पोलिसात जात न्हाई. फक्त सांगा, त्यो जित्ता हाय का? चारा-पानी हाय का त्याला?"

दरोडेखोर मी, पण त्या माणसाच्या डोळ्यांत बघायची ताकद नव्हती. खोटं म्हणावं तर सगळी मंडळी भोवती उभी. खरं म्हणावं तर बैल कुठून आणू?

तेवढ्यात अक्का आली. त्याच्या हाताला धरून म्हणाली, "दादा, ह्यानं? ह्याला बैल दिसला की ह्यो पांद सोडून बांधावर चढतोय. बोलायची हौस हाय त्याला, मनाचा वाईट न्हाई. चला, भाकर खा. तुमच्या बैलाचं नाव काय व्हतं?" आणि त्याला घरी घेऊन गेली. मागं सगळं कंपाउंड हसलं. लोहार तर जमिनीवर बसून हसला.

तिनं मला वाचवलं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो. वाचवलं, ते विसरता येईना.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, भर दुपारी दवाखाना बंद करून मी घरी चाललो होतो. विहिरीवर चिटपाखरू नाही. पन्नास घागरी ओळीनं उभ्या. पाचवी तिची, बिनखुणेची. अठ्ठेचाळिसावी आमची. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तिची घागर उचलून अठ्ठेचाळिसाव्या जागी ठेवली आणि आमची पाचव्या जागी. मला पाणी नको होतं. आमच्या घरी आदल्या दिवशीची घागर अर्धी होती. मला फक्त ती एकदा मागं राहायला हवी होती. दरोडेखोराच्या आयुष्यातला हा एवढाच दरोडा.

त्या दिवशी पाणी एकेचाळिसाव्या घागरीला संपलं.

अक्का कामावरून आली, रिकामी घागर बघितली, शेवटून तिसरी. कुणाला काही बोलली नाही. घागर कमरेवर घेतली आणि दोन कोस लांब ओढ्यात झरा होता तिकडं चालू लागली. मी आमची भरलेली घागर आत घेऊन बसलो. सुशीला माहेरी गेलेली, तिच्या आईला बरं नव्हतं. घरात मी एकटा.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून मोशेदाजींचा आवाज आला. "सलोमे, पानी." मी गप्प. परत, "सलोमे..." मग जरा थांबून, "शिमोन? शिमोन हायेस का रं? घोटभर पानी दे बाबा."

तांब्या माझ्या हाताशी होता. घागर भरलेली होती. मधे फक्त कुडाची भिंत आणि चार पावलं. पण पाणी घेऊन गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तुला आज एवढ्या लवकर पाणी कसं मिळालं रे? कुणास ठाऊक, विचारलंही नसतं. मी हललो नाही. श्वास धरून बसलो. मधेच खोकला आला तर तोंडावर उशी दाबली. दिवस मावळेपर्यंत तो माणूस मला हाक मारत होता आणि मी घरात नव्हतो. अक्का परत आली तेव्हा लंगडत आली, आणि भिंतीपलीकडून गटागट पाणी पिल्याचा आवाज आला. असा आवाज मी परत कधी ऐकला नाही आणि कधी विसरलोही नाही.

सकाळी ती दवाखान्यात माझ्याच पुढ्यात आली. टाचेत दगड घुसला होता. मी जखम धुतली, औषध लावलं आणि पट्टी बांधायला लागलो. बांधतच राहिलो. एका पायावर तीन माणसांची पट्टी! भोपळा झाला पायाचा. ती म्हणाली, "बास की लेका. पाय हाय का दुधी?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काल रात्री नीट जेवला न्हाईस वाटतं. चूल पेटल्याचा वास आला न्हाई." एवढंच. त्या एका वाक्यानं मला महिनाभर झोप नव्हती. हिला ठाऊक आहे? नाही? असेल तर बोलत का नाही?

मोशेदाजी पुढच्या वर्षी गेले, त्यांच्या जुन्या दुखण्यानं. मी पेटी वाजवली, खड्डा खोदायला हात लावला, भाषणही केलं. त्या घागरीचं तेवढं कबूल केलं नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. आम्ही उस्मानाबादचे एका दिवसात लातूरचे झालो, आणि मला नव्या जिल्ह्याच्या गावी बदली मिळाली. लातूरला तेव्हा इतके गुलाल उधळले गेले की म्हशी आठवडाभर गुलाबी दूध देत होत्या. रेशनकार्डांवर आता नवा जिल्हा लागणार म्हणून जो तो तहसिलीत. बदलीच्या गावी जायच्या आधी अक्कालाही मीच घेऊन गेलो. कारकुनानं विचारलं, "आजी, जन्मतारीख?"

"ठाऊक न्हाई."

"कुणाला ठाऊक आहे?"

"ज्यानं जन्माला घातलं त्याला."

कारकून बिचारा कामानं बेजार. मान वर न करता म्हणाला, "मग उद्या त्यांना घेऊन या."

अक्का म्हणाली, "आलेतच की. तुज्याच मागं उभे हायेत." कारकुनानं खरोखर मागं वळून बघितलं. मग अंदाजे साल टाकलं आणि तिच्याच पाया पडला. माझं काम त्यानं तीन खेपांनी केलं.

त्या रविवारी मी नवी साक्ष काढली. म्हटलं, "बंधूंनो, माझा जुना मनुष्य उस्मानाबाद जिल्ह्यात राहिला. त्याच्या चोऱ्या, त्याचे बैल, सगळं दफ्तर तिकडंच. मी आता लातूर जिल्ह्याचा नवा माणूस!" टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "साक्ष झ्याक झाली. पर शिमोन, त्याचा जिल्हा एकच हाय रं. तिथं बदली न्हाई."

मी हसलो, पण हसू ओठांच्या आत गेलं नाही.

मग आमच्या गावोगावच्या चर्चमंडळ्यांची जत्रा भरली, लातूरजवळच्या आमराईत. तीन दिवस तंबू, भजनं, साक्षी. पाण्याचा टँकर दुपारी यायचा, म्हणून झाडाखाली डबे, कळशा, बादल्या रांगेत लावलेल्या. माझ्या डब्यावर तैलरंगात नाव, हुद्दा आणि नवा जिल्हा. अक्का एव्हाना वाकली होती. घागर झेपत नव्हती, छोटी कळशी आणली होती. बिनखुणेची.

साक्षीची वेळ झाली. लोक ओरडायला लागले, "कंपाउंडरसाहेब! किल्ल्याचं होऊ द्या!" मी उभा राहिलो. किल्ला तोंडात आला होता. सुरा या वर्षी हातभर करायचा ठरवलं होतं. समोर तिसऱ्या ओळीत ती बसलेली, उघड्या डोळ्यांनी. मला त्या क्षणी तिच्यासारखं बसायचं होतं. बस्स, तेवढंच. आपलं सगळं कुणाला तरी ठाऊक आहे आणि तरी मांडी घालून निवांत बसलोय, असं. आयुष्यात मी तिच्या मानाचा हेवा केला, तिच्या पाच शब्दांचा केला, पण खरा हेवा होता तो त्या बसण्याचा.

मी म्हणालो, "मी दरोडेखोर नव्हतो. बैल चोरला नाही. दुष्काळात एक घागर मागं सरकवली. आणि एक आजारी माणूस पाणी मागत होता तेव्हा घरात असून गप्प बसलो. हा एवढाच मी."

आणि खाली बसलो.

मग मागून लोहार म्हणाला, "ह्याऽऽ! आज रंग न्हाई चढला. घागर काय, बैल सांगा की!" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "कंपाउंडर म्हातारा झाला. खोटं सुद्धा बारकं सांगायला लागला." चाळीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो आणि तीनशे लोकांत ते कुणाला पटलं नाही.

सभा सुटल्यावर ती माझ्याकडं आली. झाडाच्या बुंध्याला हात टेकून उभी राहिली.

"दाजींनी तवाच सांगितलं व्हतं," म्हणाली. "म्हनले, शिमोन घरात व्हता. उशीत खोकत व्हता."

"अक्का! मग दहा वर्षं बोलली का नाहीस?"

"मी काय बोलू? मला राग आला व्हता, लई. मी त्याला सांगितलं, बाबा, ह्याचं काय करायचं ते कर. तर त्यानं काय केलं? रोज सकाळी तुला उठवलं. रोज तुज्या हातानं लोकांच्या जखमा धुतल्या. समदं ठाऊक असून! मग मी कोन राग धरनार? मी बी सोडला." मग माझ्या गालावर तिनं तो भाकरीनं राठ झालेला हात ठेवला. "त्या लोकांस्नी पटलं न्हाई तर न पटू दे. त्यो तुला ओळखतोय. लई झालं."

तिचे पाच शब्द होते ते. त्या दिवशी तिनं मला देऊन टाकले.

टँकरचा भोंगा वाजला. ती रांगेकडं निघाली. मी बुंध्याशीच उभा होतो. शंभर भांडी होती तिथं, पितळेची, पत्र्याची, नावांची, क्रुसांची. ती वाकून वाकून एकेक बघत पार शेवटपर्यंत गेली, माझा तैलरंगाचा डबा उचलला आणि छातीशी धरून सावकाश पुढं आणला. सहाव्या जागी तिची कळशी होती. ती तिला शोधावी लागली नाही. तिनं कळशी हातभर मागं ओढली, माझा डबा पुढं ठेवला, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि सावलीला जाऊन बसली. मांडी घालून, निवांत.

पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली. मी तिला पाहिलं ते तेवढंच शेवटचं. आता माझ्याही भांड्यांवर खूण नसते. जत्रेत तीन डबे गेले आणि सुशीला अजून बोलते. बोलू दे. पण त्या दिवशीची ती वाकलेली पाठ डोळ्यांसमोर आली की वाटतं, तिची कळशी मी पुढं ठेवायला हवी होती. तिथंसुद्धा बाई माझ्या आधी पोचली.